पांढऱ्यावर निळं

"कोण मेलं?"

बाई गोदामाच्या दारात उभ्या राहून विचारत होत्या. चार दिवसांनी कुमासीहून परत आल्या होत्या. सहा तास गाडीत बसून अंग आंबलेलं, चपलांवर तांबडी धूळ, आणि तरी घरी न जाता थेट कारखान्यात.

मी हसलो. अहो, खरंच हसलो! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मला वाटलं, माल इतका झकास उतरलाय म्हणून बाईंना थट्टा सुचलीय.

"कुणी नाही मेलं, बाई. आपली ऑर्डर आहे ही. हजारच्या हजार ठाणं. एक दिवस आधीच तयार करून ठेवलीत."

पुढ्यात ठाणांच्या चळती लागल्या होत्या. सगळी लाल. त्यावर काळ्या रेघेत चुलीचे तीन दगड आणि वर मडकं, अशी नक्षी. बाई पुढं आल्या. वरच्या ठाणाची एक घडी उलगडली, कापडावरनं हात फिरवला, घडी होती तशी परत घातली. मग डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं आणि तिथल्याच एका खोक्यावर बसल्या. चांगली उंचपुरी बाई, पण बसल्यावर एकदम लहान दिसायला लागली.

"मी तुला नमुना काय दिला होता?"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण एरवी मला 'मास्तर' म्हणणाऱ्या बाईंचा त्या दिवशीचा 'यू' हा 'तू'च होता, त्यात शंका नको.

"पांढऱ्यावर निळं," मी म्हणालो.

"आणि हे?"

"लालावर काळं. बाई, आनंदाचं काम आहे. समारंभ आहे. त्याला पांढरं कसं शोभेल? म्हणून मी म्हटलं, आपणच जरा..."

"आमच्याकडे लाल आणि काळं मयताला नेसतात," बाई हळूच म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "आनंदाला पांढरं. बाळंतीण सुखरूप उठली की पांढरं. कोर्टात जिंकलं की पांढरं. देवाचे आभार मानायचे तर पांढरं. तू दोन हजार बायकांना मयताचं नेसवून चर्चमध्ये पाठवायला निघालायस."

आता हे सगळं कुठलं आणि कुणाचं ते सांगतो. साल चौऱ्याहत्तर. देश घाना, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. गाव टेमा, तिथलं मोठं बंदर. मी अंबादास महिंद्रकर, सोलापूरचा भावसार, म्हणजे पिढीजात रंगारी. वय तेहेतीस आणि अंगात मस्ती भरपूर. लाल रंगात आपल्याला तोड नाही असं मला वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, आजही वाटतं. मुंबईच्या एका एजंटानं तीन वर्षांच्या करारावर मला नुकतंच तिकडं धाडलं होतं, छपाई मास्तर म्हणून.

मालकीण म्हणजे मादाम अजोआ सर्पोंग. मी त्यांना 'बाई' म्हणायचो. पहिल्या दिवशीच त्यांनी त्याचा अर्थ विचारून घेतला होता, आणि शाळेतल्या मास्तरणीलाही असंच म्हणतात म्हटल्यावर खूश झाल्या होत्या. कारण त्यांची स्वतःची शाळा पहिलीतच संपलेली. सातव्या वर्षापासनं अक्राच्या बाजारात डोक्यावरून कापडाची ठाणं वाहिलेली बाई ती. पुढं स्वतःची टोपली, मग ओटा, मग दुकान, मग तीन दुकानं. तिकडं कापडाचा सगळा बाजार बायकांच्या हातात. पुरुष हमाली करतो आणि गप बसतो. पण ते कापड छापून यायचं युरोपातनं. ते आपणच का छापू नये, असं बाईंच्या मनानं घेतलं आणि एका परदेशी कंपनीनं बंद करून टाकलेला छपाईचा कारखाना त्यांनी विकत घेतला. बाईमाणसानं कारखाना काढल्याचं त्या भागात तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

आणि दोन वर्षं तो कारखाना रखडत होता. आयात करणारे म्हणायचे, अजोआचं मशीन गंजणार. त्याचं कुणाला काय! पण ज्यांच्यात ती वाढली त्या बाजारातल्या बायकाही तिच्या मालाला हात लावत नव्हत्या. बाईनं कापड विकावं, कापड काढणं हे तिचं काम नव्हे, असं म्हणायच्या. मग त्या साली कापडवाल्या बायकांच्या संघाला पंचवीस वर्षं झाली. त्याबद्दल देवाचे आभार मानायला सगळ्याजणी एका रविवारी एकाच छापाचं कापड नेसून चर्चला जाणार होत्या. संघाची म्होरकी होती मामी डेडे. तिनं खूप आढेवेढे घेऊन ती ऑर्डर बाईंना दिली. हे कापड चांगलं निघालं तर दुसऱ्या दिवशी सगळा बाजार बाईंना उघडा. नाही निघालं तर कारखान्याला कुलूप आणि दोनशे माणसं घरी. हे बाईंनी मला जाताना दोनदा सांगितलं होतं. आणि हा मी, नाकानं कांदे सोलणारा, चार दिवसांत हे करून बसलो.

तुम्ही म्हणाल, कारखान्यात दोनशे माणसं होती, एकजणही बोललं कसं नाही? अहो, तिकडं दर शनिवारी कुणाचं ना कुणाचं मयताचं कार्य असतं. लाल-काळ्याचा खप बारमाही. सगळ्यांना वाटलं, बाईंनी जाता जाता दुसरी ऑर्डर दिली असेल. आमचा फोरमन मेन्सा तर पहिलं ठाण मशीनवरनं उतरल्या उतरल्या म्हणाला होता, "मास्तर, हा लाल फार चालेल. दर शनिवारी चालेल!" मी म्हटलं, शनिवारी यांच्याकडं लग्नं होत असतील. छाती फुगवून फिरलो दिवसभर.

आता रविवार सहा दिवसांवर आला होता आणि कोरं कापड एक वारही उरलं नव्हतं. पुढची बोट दीड महिन्यानं.

"मी रंग उतरवतो," मी म्हणालो. "बाई, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

एक ठाण घेतलं, होती नव्हती ती औषधं कढईत घातली आणि उकळायला लावलं. मेन्सा शेजारी उभा राहून बघत होता. लाल उतरला, पण काळा जागचा हलेना, आणि खालचं कापड पोराच्या जुन्या लंगोटासारखं पिवळट निघालं. मेन्सानं ते काठीनं उचललं आणि परत कढईत सोडलं.

मी बाईंच्या ऑफिसात गेलो.

"बाई, मला परत धाडा. मी जातो."

"आणि कापड?"

मी दाराकडं वळलो.

"तू गेलास तर कापड पांढरं होणार आहे का?" बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सात वाजता गाडीत बस. एक लाल ठाण बरोबर घे."

"कुठं जायचंय?"

"बाजारात. मामी डेडेकडे."

"मला कशाला नेताय, बाई?"

"तूच केलंस ना हे?"

त्या रात्री झोप कसली येतेय. सकाळी बाई स्वतः गाडी चालवत होत्या आणि मी ते ठाण मांडीवर घेऊन शेजारी बसलो होतो. अर्ध्या रस्त्यात त्याच बोलल्या.

"मी नऊ वर्षांची असताना मामी डेडेच्या दुकानात ओझी वाहायची. एकदा पाय घसरला आणि एक अख्खं ठाण गटारात पडलं. मी ते धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि मधे लपवून ठेवलं. तिनं शोधून काढलं."

"मग? मारलं?"

"मारलं तर! पण हाकललं नाही. म्हणाली, हे तूच विकायचं. आणि गिऱ्हाईकाला आधी डाग दाखवायचा, मग कापड. तीन दिवस लागले. पण विकलं मी."

मी मांडीवरच्या ठाणाकडं बघितलं. "बाई, डाग एवढा मोठा असल्यावर..."

"गप बस," बाई म्हणाल्या. पण या वेळी 'मास्तर' म्हणाल्या. गप बस, मास्तर. मला तेवढ्यानंही जरा बरं वाटलं.

मामी डेडे म्हणजे सत्तरीची, बुटकी, दात घासायची काडी अष्टौप्रहर तोंडात धरलेली बाई. तिच्या दुकानापुढं तीसेक कापडवाल्या आधीच जमून बसल्या होत्या, नमुना बघायला. आम्हाला बघून त्यांनी हसून जागा करून दिली. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. बाईंनी माझ्या हातातनं ठाण घेतलं आणि काही प्रस्तावना न करता जमिनीवर उलगडलं.

जो गलका झाला तो काय सांगू! एकीनं दोन्ही हात डोक्यावर धरले. दुसरी उठून चालायलाच लागली. एक तरणी बाई ओरडून काहीतरी म्हणाली ते बाईंनी मला तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, "म्हणतेय, अजोआनं आपल्याला जिवंतपणीच पुरलं." हे सांगतानाही त्यांचा चेहरा हलला नाही.

मामी डेडेनं तोंडातली काडी काढली. सगळ्या गप्प झाल्या. पुढचं बोलणं मला पाणी आणून देणारी बाई माझ्या कानाशी इंग्रजीत सांगत होती.

"अजोआ, हे काय आहे?"

"तुमची ऑर्डर. चुकली. चूक माझी आहे."

"मशीन तू चालवतेस का?"

"मी रंग सांगितला, कारण सांगितलं नाही. परक्या मुलखातल्या माणसाला कारणासकट सांगायला हवं होतं. म्हणून चूक माझी."

माझ्याकडं बोट नाही, नजरसुद्धा नाही. मी मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा उभा. आमच्या सोलापुरात कुठल्या मालकानं मास्तराची चूक अशी आपल्या अंगावर घेतली असती? मास्तराला भर बाजारात उभा करून सोलला असता.

पण मामी डेडे काय कच्ची होती होय! तिनं ती काडी माझ्यावर रोखली. "आणि हा?"

"माझा मास्तर."

"याला विचारते मी. का रे, तुला पांढरं दिलं होतं. तू का बदललंस?"

आता इथं एक सांगितलं पाहिजे. मघापासनं मी तुम्हाला जे सांगतोय, की माझ्या लाल रंगाची मला घमेंड होती, सणाला पांढरं शोभत नाही असं वाटलं, ते खोटं नाही. पण पुरतंही नाही. आणि गंमत म्हणजे ते तोवर माझं मलाही नीट ठाऊक नव्हतं. मामी डेडेला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"आमच्याकडं नवरा मेला की बाईला पांढरं नेसवतात," मी म्हणालो. "माझे वडील गेले तेव्हा आई सव्वीस वर्षांची होती. मी आठ. आमचं घर रंगाऱ्याचं. वडलांच्या मागं तिनंच काम चालवलं. दिवसभर रंगाच्या पिंपात हात घालून गावाच्या लग्नांची लुगडी रंगवायची. हात कोपरापर्यंत लाल. आणि अंगावर पांढरं. पंचवीस वर्षं झाली. मी सगळ्या जगाला रंगवलं, तिला एक बोटभर रंग देऊ शकलो नाही. तुमचा नमुना हातात घेतला आणि डोळ्यांपुढं आलं, दोन हजार बायका, आनंदाचा दिवस, आणि सगळ्या पांढऱ्यात. मला बघवेना. म्हणून बदललं."

बाई एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होत्या. कोपरापर्यंत लाल हात, इथवर आल्या आणि थांबल्या. खाली बघून नाकाला रुमाल लावला, मग पुढचं सांगितलं. डोक्यावर हात धरलेल्या बाईनं हात खाली घेतले.

मामी डेडेनं विचारलं, "आई आहे?"

"आहे."

"अजून पांढरंच नेसते?"

"हो."

म्हातारीनं काडी या गालातनं त्या गालात घेतली आणि म्हणाली, "वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं. पण रविवारी मी काय नेसू?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग दोघीतिघी हसल्या. मी आयुष्यात बायकांच्या हसण्याला एवढा भ्यायलो नव्हतो आणि त्या हसण्यानं एवढा सुटकेचा श्वासही टाकला नव्हता. आणि नेमकी तीच वेळ बाईंनी धरली. पुढं सरकून बसल्या. आता चेहरा बदलला होता. आता ती चूक कबूल करायला आलेली बाई नव्हती, माल विकायला आलेली होती.

"तुमच्या प्रत्येकीच्या दुकानात कोरं पांढरं सुती कापड आहे," त्या म्हणाल्या. "बारशाला विकता, आतल्या परकराला विकता. कुणाकडे दहा ठाणं, कुणाकडे पन्नास. मला ठाऊक आहे, मी वाहून आणलीत ती. माझ्याकडे लाल आहे. ठाणाला ठाण. तुम्ही मला कोरं पांढरं द्या, मी तुम्हाला छापलेलं लाल-काळं देते. शनिवारी तुम्ही ते हातोहात विकाल. आणि तुमचंच पांढरं मी निळ्यानं छापून गुरुवारी संध्याकाळी इथं आणून टाकते."

"कोऱ्याच्या बदली छापलेलं?" ती मघाची तरणी बाई पटकन म्हणाली. ओरडणं विसरली होती.

"ठाणाला ठाण," बाई परत म्हणाल्या.

मामी डेडे मात्र घाई करणारी नव्हती. "आणि तुझा लाल अंगाला लागला तर? इतके दिवस बाहेरच्या मालात तेच सोसतोय आम्ही. उन्हात चार तास मयताला बसायचं, घाम आला की मान लाल, रुमाल लाल. माणसं म्हणतात, डेडेनं रंग विकला, कापड नव्हे."

तिनं पुढ्यातलं कापड ओढलं. शेजारच्या पाण्याच्या बादलीत त्याचं टोक बुचकळलं आणि स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर कचकचून घासायला लागली. म्हातारीच्या मनगटात काय जोर! सगळ्या पुढं वाकल्या. बाई माझ्याकडं बघत होत्या, पहिल्यांदाच, आणि त्या डोळ्यांत प्रश्न होता.

मी मान डोलावली. कारण या एका गोष्टीची मला खात्री होती. या जातीचा लाल नीट धुतला नाही की घासल्यावर सुटतो, सगळ्यांचाच सुटतो. लोक एकदा उकळत्या साबणातनं काढतात आणि मोकळे होतात. मी तीनदा काढतो. कारण आई तीनदा काढायची. तिसऱ्यांदा काढताना आम्ही पोरं कंटाळायचो, तर म्हणायची, "नवरीच्या अंगाला रंग लागला तर बोलणी तिला बसतात रे, आपल्याला नाही."

मामी डेडेनं रुमाल उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. तो होता तसाच होता. तिनं तो शेजारणीला दिला. तिनं पुढं दिला. असा तो रुमाल तीसेक हातांतनं फिरून परत आला.

"दया म्हणून नाही हं," मामी डेडे मला काडी दाखवत म्हणाली. मग बायकांकडं वळली. "काय बसलाय? पांढरं काढा!"

मला रडू आलं हो. भर बाजारात. पाणी देणाऱ्या बाईनं परत पाणी आणून दिलं.

पुढचे दोन दिवस जे झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा, मला ठाऊक नाही. कापड आलं ते पन्नास दुकानांतलं. कुणाचं पन्ह्याला छत्तीस इंच, कुणाचं पंचेचाळीस, कुणाचं जाड, कुणाचं विरविरीत. मशीनला एकसलग कापड लागतं. तर त्या बायका स्वतः आल्या. कारखान्याच्या अंगणात ओळीनं बसून ठाणाला ठाण शिवायला लागल्या. पन्ह्याप्रमाणं लावून देणारी मामी डेडे. ती मला शिकवत होती, माझ्याच कारखान्यात! मेन्सा मशीनवर, मी रंगावर, आणि बाई बाह्या वर करून कापडाच्या गाड्या ढकलत होत्या. मधेच येऊन विचारायच्या, "मास्तर, निळा किती वेळा धुणार?" मी म्हणायचो, "तीनदा." त्या जायच्या.

एकदा विचारलं, "मास्तर, तुझी आई किती वार नेसते?"

"नऊ," मी म्हटलं, आणि परत निळ्याच्या मागं लागलो.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची गाडी बाजारात गेली.

रविवारी मी चर्चच्या बाहेर, भिंतीला टेकून उभा होतो. आत जायची काही हिंमत झाली नाही. दोन हजार बायका रस्त्यानं आल्या. पांढऱ्यावर निळं. ऊन असं लख्ख पडलेलं आणि त्या नाचत येत होत्या, हातातले रुमाल हवेत फिरवत, म्हाताऱ्या, तरण्या, पाठीशी पोरं बांधलेल्या. मी डोळे फाडून बघत होतो. इतकी वर्षं माझ्या मनात पांढऱ्याचा जो अर्थ बसला होता तो त्या गर्दीत कुठंच सापडेना. त्या बायकांचं काही हरवलंय असं दिसतच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की शेजारी मेन्सा उभा होता त्याला मी मिठीच मारली.

प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवर मामी डेडेनं पावडरचा डबा काढला आणि बाईंच्या मानेवर, खांद्यांवर, दंडांवर पांढरी पावडर शिंपडायला लागली. बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या. मी मेन्साला विचारलं, हे काय?

"खटल्यातून निर्दोष सुटलेल्या माणसाला असं करतात," तो म्हणाला.

बाई पायऱ्या उतरून सरळ माझ्याकडं आल्या. आपल्या मानेवरची पावडर दोन्ही हातांनी पुसून घेतली आणि माझ्या मानेला लावली.

"अर्धी तुझी," म्हणाल्या. मग पिशवीतनं कापडाची एक घडी काढून माझ्या हातात दिली. पांढऱ्यावर निळं, चुलीचे तीन दगड, वर मडकं. "मामी म्हणाली सहा वार दे. मी नऊ कापलं. आईला पाठव. आणि तिला सांग, नवरा मेला म्हणून हे नेसायचं नाही. ती तगून राहिली म्हणून नेसायचं. आमच्याकडे त्याच्यासाठी असतं पांढरं."

मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी दंडाला धरून उभा केला.

बाजार उघडला तो उघडलाच. निळं-पांढरं एकदाच लागलं, पण शनिवारच्या लालासाठी अक्राहून, कुमासीहून, सीमेपलीकडनं बायका गाड्या घेऊन यायला लागल्या. बाईंनी दुसरं मशीन घेतलं, मग तिसरं. मी तीन वर्षांसाठी गेलेला माणूस अकरा वर्षं राहिलो. आणि त्या दिवसापासनं बाईंनी कुणालाही कारण सांगितल्याशिवाय काम सांगितलं नाही. कधीकधी कंटाळा यायचा इतकी कारणं सांगायच्या.

आईला ते लुगडं मी सोलापूरला परत येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडलं. निरोप चिठ्ठीत लिहिला, बाईंच्या शब्दांत. दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. तिला लिहिता येत नसे, शेजारच्या मुलीकडनं लिहवून घेतलं होतं.

"चि. अंबादास यास आशीर्वाद. कापड पोचलं. आठ दिवस पेटीत ठेवलं होतं. मग तुझी चिठ्ठी परत एकदा वाचून घेतली आणि काल नेसले. चुलतसासू बोलल्या, बोलू देत. निळा सुटतो का बघायला दोनदा धुतलं, सुटत नाही. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. लाल तुझा फार चांगला निघतो असं तो माणूस सांगत होता. जमलं तर एक तोही धाड."